पोलारिस स्पोर्ट्समन ५७० ला २६ चे टायर टाकले, एक आंब्याचा सीझन आणि एक पावसाळा वापरून लिहितोय

आमची बाग लांज्याच्या बाजूला, खाली हापूसची कलमं आणि वर सड्यावर काजू. पिकअप गडग्यापर्यंतच येतो, तिथून वर सगळा चढ, अर्धा कातळ आणि अर्धी लाल माती, पावसाळ्यात शेवाळ. ट्रॅक्टर कलमांच्या फांद्यांखालून जात नाही म्हणून सेकंडहँड स्पोर्ट्समन ५७० घेतली, म्हणजे जाड टायरची, हँडलने वळवायची चारचाकी एटीव्ही. खताच्या गोणी, फवारणीची टाकी, सीझनला आंब्याचे क्रेट, सगळं हीच ओढते आणि गाडीबद्दल आपली काही तक्रार नाही. पण टायर बदलायची वेळ आली तेव्हा मराठीत कुठेच धड माहिती मिळेना आणि जे कळलं ते चुका करूनच कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आकडे कसे वाचायचे ते. कंपनीकडून या गाडीला पुढे २५×८-१२ आणि मागे २५×१०-१२ येतात. २५ म्हणजे टायरची उंची इंचात, ८ किंवा १० रुंदी, १२ रिमचा व्यास. कारच्या टायरवर २०५/७० आर १५ असं असतं, त्यात रुंदी मिलीमीटरमध्ये आणि उंची टक्क्यात, त्याचा इथे काही संबंध नाही, त्यामुळे कारच्या टायरवाल्याकडे जाऊन "बारा इंची द्या" म्हणालात तर तो भलतंच काहीतरी दाखवणार. मधे डॅश असेल तर नायलॉन म्हणजे बायस (आतले धागे तिरपे), आणि आर असेल तर रेडियल (धागे सरळ आडवे).

आता माझी पहिली चूक. मागचे टायर आधी झिजतात, वजन मागे असतं ना. पुढचे अजून वर्षभर चालतील असं वाटलं म्हणून फक्त मागची जोडी घेतली, आणि घेतोच आहोत तर एक साइज मोठी घेऊ म्हणून २६ चे टाकले. दिसायला गाडी एकदम झकास. पण पहिल्याच पावसात घाटीच्या चढावर तीन क्रेट लादून निघालो तर मागची चाकं जागेवर भिरभिरायला लागली, चांगला वीतभर खड्डा पडला आणि मग खाली खटकन आवाज होऊन पुढची चाकं लागली. असं दर चढाला. आधी असं कधीच होत नव्हतं. बाबा म्हणाले गिअरबॉक्स गेला, मीपण घाबरलोच.

गिअरबॉक्स एकदम ठणठणीत होता. या गाडीत ऑल व्हील ड्राइव्हचं बटण दाबून ठेवलं तरी पुढच्या चाकांना जोर लगेच मिळत नाही, मागची चाकं घसरून पुढच्यांपेक्षा ठराविक जास्त वेगाने फिरली की मगच पुढचा क्लच पकडतो. म्हणजे सगळा खेळ पुढच्या आणि मागच्या चाकाच्या फिरण्यातल्या फरकावर. आता पुढचं टायर बुटकं आणि मागचं उंच असेल तर साध्या चालण्यातच पुढचं जास्त फिरत असतं, मग मागच्याला त्याला गाठायला अजून जास्त घसरावं लागतं, तोवर खड्डा पडलेला. उलट केलंत, पुढे उंच आणि मागे बुटकं, तर क्लच गरज नसताना लवकर पकडणार. आणि ज्या गाड्यांत फोर व्हील लावल्यावर पुढचा मागचा ड्राइव्ह थेट गिअरने बांधला जातो त्यांचं तर अजून अवघड, कडक जमिनीवर हँडल दगडासारखं जड होतं आणि सगळा ताण शाफ्टवर.

मग अंगणात बसून मापलं. हे प्रत्येकाने करावं, फुकट आहे. टायरचा जो भाग जमिनीला टेकलाय तिथे खडूची रेघ, त्याच्याच खाली लादीवर दुसरी रेघ. एक जण गाडीवर बसायचा, कारण वजनाने टायर दबतो. गाडी सरळ ढकलायची, टायरवरची रेघ परत खाली आली की लादीवर तिसरी रेघ मारून अंतर मोजायचं. माझं पुढचं निघालं ७४ इंच आणि मागचं ७९. पाच इंच! म्हणजे जवळजवळ सात टक्के फरक. टायरवरच्या नंबरात एकाच इंचाचा फरक दिसत होता, बाकीचा झिजेचा. शिवाय २६ लिहिलेला टायर पट्टी लावली तर बरेचदा साडेपंचवीसच भरतो, तेव्हा नंबरावर जाऊ नका, मापा.

२६ च्या त्या मागच्या जोडीचं अजून एक दुखणं. ती स्वस्तात मिळाली होती, दुकानाचं नाव लिहीत नाही. घरी आणल्यावर साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात ते वाचले, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, उदाहरणार्थ १८१९ म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. माझा माल चांगला पाच वर्षं गोदामात पडलेला निघाला, वाकवून बघितलं तर रबराला बारीक केसाएवढ्या चिरा. बाहेरून येणाऱ्या मालाचं हे होतं. पैसे द्यायच्या आधी त्या आकड्यांचा फोटो मागवा.

शेवटी चारही एकदम बदलले. मॅक्सिस बिगहॉर्न २.०, पुढे २६×९ आर १२ आणि मागे २६×११ आर १२, रेडियल, सिक्स प्लाय रेटिंग म्हणजे सहा थरांच्या ताकदीचे. २७ का नाही असं मित्राने विचारलं. हिशोब साधा आहे. २५ चे २६ केलेत तर उंची चार टक्के वाढते, तेवढाच गाडीचा ओढायचा जोर कमी होतो, आणि खालचं अंतर वाढतं फक्त अर्धा इंच, कारण उंचीचा निम्माच भाग एक्सलच्या खाली येतो. २७ ला जोर आठ टक्के कमी आणि वर टायरचं वजन. ही गाडी बेल्टवर चालते, म्हणजे इंजिनचा जोर रबरी पट्ट्याने पुढे जातो, लोड घेऊन हळूहळू चढ चढायचा म्हणजे बेल्ट तापणार. मला लोड ओढायचाय, वेग नकोय. २६ वर चढाला लो गिअर टाकला की गाडी अजिबात कुरकुर करत नाही.

रिम १२ च ठेवले. १४ चे रिम दिसायला भारी दिसतात हे खरं, पण २६ च्या टायरला १४ चं रिम घातलं की रबराची भिंत उरते सहा इंच, १२ ला सात. जांभ्याच्या चिऱ्याची धार ज्याने पाहिलीय त्याला त्या एका इंचाची किंमत कळेल.

एक मागचं रिम मात्र वाकलेलं होतं, हवा धरत नव्हतं, ते नवीन लागलं. तिथे दुसरा घोळ. ऑनलाइन मागवलेलं रिम आलं चार बोल्टचंच, पण भोकं बसेनात. पोलारिसचं माप ४/१५६, म्हणजे समोरासमोरच्या बोल्टमधलं अंतर १५६ मिमी. होंडा, यामाहा, सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांना ४/११० आणि कॅन-ॲम, कावासाकीला ४/१३७ असतं. पट्टीने दोन मिनिटांत मोजता येतं, मी मोजलं नव्हतं आणि पार्सल परत करण्यात पंधरा दिवस गेले, तेही ऐन फवारणीच्या दिवसांत. रिमवर ५+२ किंवा ४+३ लिहिलेलं असतं तेही बघा, पहिला आकडा बोल्टच्या पाटीपासून आतल्या बाजूला किती इंच आणि दुसरा बाहेर किती. बाहेरचा आकडा वाढला की चाक बाहेर येतं, गाडी बाजूला सहज कलंडत नाही पण बेअरिंगवर ताण येतो आणि चिखल थेट तोंडावर उडतो. जुन्या रिमचं आहे तेच घ्या.

टायर बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पुढे दोन माणसं बसवून शॉकअप दाबून बघितलं. पायाजवळच्या प्लास्टिकपासून बोटभर जागा राहिली, कुठे घासत नाही.

आता वापर. कातळावर चालताना आधी मणक्यात जो दणका बसायचा तो निम्म्याने तरी कमी झाला, बाबासुद्धा आता मागे बसायला तयार होतात, यापेक्षा मोठा दाखला मी काय देऊ. शेवाळलेल्या जांभ्यावर पकड चांगली. हा काही खास चिखलाचा टायर नाही, सगळीकडे चालणारा आहे, तेव्हा ज्यांना भातखाचरातून गाडी न्यायचीय त्यांनी खोल खाचांचा टायर बघावा. आम्हाला चिखल थोडा आणि दगड जास्त, आम्हाला हाच बरोबर. पुढची रुंदी ८ ची ९ झाल्यामुळे हँडल किंचित जड लागतं, आठवड्यात सवय होते.

हवेचं मात्र कळकळीने सांगतो. या टायरना हवा लागते पाच पीएसआयच्या आसपास, लोडला थोडी जास्त. पंपावरच्या मीटरला इतकी कमी हवा नीट कळतच नाही, आमच्याकडे एकदा पोराने सवयीने पंचवीस भरली, गाडी चेंडूसारखी उडत होती आणि उतारावर भीती वाटली. कमी दाबाचं वेगळं गेज मिळतं, ते घ्या, आणि सोबत पंक्चरच्या वातींचं किट. तळाला पंक्चर असेल तर वात बसते, साइडवॉल फाटली तर वातीच्या भरवशावर राहू नका.

काल परत खडू घेऊन बसलो होतो. पुढचं ७८ आणि अर्धा, मागचं ७८. झीज मागे जास्त आहे पण फरक अर्ध्या इंचाचाच. तो दीड इंचाच्या वर गेला की चारही एकदम बदलणार, दोन दोन करून नाही.