घारापुरी की कान्हेरी? एकच दिवस हाती असेल तर

मुंबईत पाहुणे आले आणि लेणी पाहायला एकच दिवस हाताशी असला, की बहुतेक घरांत घारापुरीचे नाव निघते आणि कान्हेरी ‘पुढच्या खेपेला’ म्हणून मागे पडते. दोन्ही लेणी खडकात कोरलेली आहेत, दोन्ही सोमवारी बंद असतात आणि दोन्हीकडे जायचे तर सकाळी लवकर निघावे लागते. एवढे साम्य सोडले, तर एक पाहिल्याने दुसरे पाहिल्यासारखे मुळीच होत नाही. घारापुरीला आपण एका शिल्पासमोर उभे राहायला जातो, तर कान्हेरीला शतकानुशतके नांदत्या राहिलेल्या वस्तीतून हिंडायला.

गेटवेहून लाँचने साधारण तासाभरात घारापुरी बेट गाठता येते. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असली, तरी पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या दुकानांच्या रांगांमधून चढाव्या लागतात. मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे मानले जाते आणि 1987 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही क्षण थांबावे, म्हणजे मागच्या भिंतीतली तीन पुरुष उंचीची मूर्ती हळूहळू उजळत जाते. तिला सर्रास त्रिमूर्ती म्हणतात आणि त्यामुळे ते ब्रह्मा, विष्णू, महेश असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. आपल्या डाव्या हाताचे मुख उग्र, मिशा असलेले, हाती नाग धरलेले. उजवीकडचे कोवळे, स्त्रीरूपाकडे झुकणारे, हाती कमळ घेतलेले. आणि या दोहोंमध्ये डोळे मिटलेला, कशानेही न ढळणारा चेहरा. पोर्तुगीजांच्या काळात शिल्पांची बरीच मोडतोड झाली, पण या चेहऱ्यावरची शांतता शाबूत राहिली. ज्यांचे मुंबईला पुन्हा येणे होईलच असे नाही, त्यांनी घारापुरीच निवडावी, असे मी नि:शंकपणे सांगेन.

मुंबईत राहणाऱ्याला मात्र माझा सल्ला वेगळा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून सुमारे सहा किलोमीटर आत, उद्यानाच्या बसने जाता येईल अशा डोंगरावर कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, सातवाहनकाळातील शिलालेख आहे आणि त्याच्या व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या मूर्ती समोरासमोर उभ्या आहेत. बरेच जण एवढे पाहून परततात आणि खरी कान्हेरी त्यांच्या डोक्यावर, वरच्या अंगाला राहून जाते. तिथे भिक्षूंच्या निवासात झोपायचा ओटा कातळातच काढलेला दिसतो आणि दाराशी पाण्याचे टाके असते. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. जवळ वाकून पाहिले, तर पावसाचे पाणी टाक्याकडे वळवणारे, बोटभर खोलीचे पाट कातळावर स्पष्ट दिसतात. जुलैत जावे, म्हणजे ते आजही वाहताना दिसतात.

या पोढ्या आणि ही लेणी कोणी करवून दिली, हेही भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतले व्यापारी, सोनार आणि त्यांच्या घरची माणसे ही दाने देत. काहींनी तर अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय लावली होती. नव्वदाव्या लेण्यात 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. बंदरावरचा पैसा, दूरदूरची माणसे आणि पाण्याची काटेकोर तजवीज, हे या शहराचे रूप कान्हेरीइतके जुने आहे, हे तिथे उभे राहिल्यावर पटते.

पावसाळ्यात निवडीचा प्रश्नच उरत नाही, कारण समुद्र खवळला की लाँच बंद राहतात आणि कान्हेरीला तर तेव्हाच बहर असतो. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेवढे चांगल्या पकडीचे बूट घालून जावे. लहान मुलांना लाँचचा प्रवास आवडतो, पण पळायला मोकळी जागा कान्हेरीलाच मिळते. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांना दोन्ही चढ जड जातात. घारापुरीला डोलीची सोय आहे. कान्हेरीत अशा मंडळींनी तिसऱ्या लेण्यापाशीच निवांत बसावे.

ज्येष्ठांना यातले काहीच जमण्यासारखे नसेल, तर त्यांना राणीच्या बागेत न्यावे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो घारापुरीचा दगडी हत्ती आज तिथे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. 1864 साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना कोसळून त्याचे तुकडे झाले आणि 1914 मध्ये ते पुन्हा जुळवून त्याला उभे केले गेले. अंगावरचे सांधे अजूनही दिसतात आणि सपाट वाटेने त्याच्या अगदी जवळ जाता येते. बाग आणि संग्रहालय मात्र बुधवारी बंद असतात.