आकाशगंगेचे फोटो: पुळणीवरून की सड्यावरून?

मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानलेहून टिपलेला तांबडा ध्रुवीय प्रकाश पाहून अनेकांना रात्रीच्या आकाशाची ओढ लागली. कोकणच्या अक्षांशावरून तो दिसायची आशा धरू नये. इथे टिपायची ती आकाशगंगा, आणि त्यासाठी उभं कुठे राहायचं हे आधी ठरवायला हवं: पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, की सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर.

ऑक्टोबरात किनाऱ्याची बाजू भक्कम असते. आकाशगंगेचा मध्यभाग तेव्हा अंधार पडतानाच नैऋत्येला असतो आणि रात्री दहाच्या सुमारास समुद्रात मावळतो. साडेसात ते नऊ हा वेळ हाती मिळतो. समोर वस्ती नाही, फार तर बोटींचे दिवे. भोगव्यासारख्या ठिकाणी ही चौकट सुंदर जमते.

फेब्रुवारी ते मे मात्र मध्यभाग आग्नेयेला उगवतो, म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाच्या पाठीमागे, माडांच्या आणि गावच्या दिव्यांच्या वर. मेच्या मध्यात तो साडेनऊ-दहाला वर येतो आणि पहाटे तीनच्या आत-बाहेर दक्षिणेला सुमारे ४४ अंशांवर पोचतो. सड्यावर हा सगळा प्रवास मोकळा दिसतो. शिवाय अंधारासाठी निवडायची ती अमावस्या, आणि नेमकी तेव्हाच उधाणाची भरती मध्यरात्रीच्या आसपास येते. पुळण अरुंद होते, ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय रुतत जातात आणि तारे फरफटतात. पायांखाली चपटे दगड ठेवले तर थोडं निभावतं.

एवढं सगळं सांभाळता येईल. माझ्यासाठी निकाल लागला तो खारामुळे. लाटांचे सूक्ष्म तुषार हवेत तरंगत राहतात आणि काचेवर मिठाचा पातळ थर बसतो. मोठ्या ताऱ्यांभोवती धुरकट वलय येतं, काळं आकाश राखाडी होतं, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर यातलं काही कळत नाही. कोरड्या कापडाने पुसलं तर खार आणि वाळू काचेवर घासली जाते. आधी डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या टिश्यूने अलगद टिपावं, मगच मायक्रोफायबर लावावं. तेही दर काही फोटोंनी. सड्यावरही काच ओली होते, पण ते दव. पॉवर बँकेवर चालणारी ५ व्होल्टची हीटर-पट्टी लेन्सला गुंडाळली की दव साचतच नाही. हीच पट्टी किनाऱ्यावर पाणी उडवते आणि मीठ मागे ठेवते.

सेटिंग दोन्हीकडे सारखीच: १४ मिमीची लेन्स, एफ २.८ ॲपर्चर, १५ ते २० सेकंदांचं एक्सपोजर, आयएसओ (संवेदनशीलता) ३२००, फोकस हाताने, पडद्यावर तेजस्वी तारा मोठा करून.

म्हणून एकच जागा निवडायची असेल तर मी सडा सुचवेन, निदान उन्हाळ्यात तरी. ऑक्टोबरातल्या समुद्रावरच्या चौकटीसाठी कुणी खाराशी झगडायला तयार असेल, तर त्याला अडवणार नाही. वेळास-आंजर्ल्याला कासवांच्या हंगामात मात्र पुळणीवर बॅटरी लावू नये.

सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, जांभ्याच्या सुट्या दगडांखाली. घोट्यावर येणारे बूट घालावेत, ट्रायपॉडला वजन म्हणून अंधारात दगड उचलू नये. पाण्याची बाटली टांगावी. जागा दिवसाच बघून ठेवावी, कातळशिल्पावर पाय पडणार नाही अशी. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या आंबाबागेत राखण असते. मालकाला संध्याकाळीच सांगून ठेवलं तर राखण्या मध्यरात्री बॅटरी तुमच्यावर रोखत नाही.