हाताने प्रोपेलर फिरवण्याचा एक दिवसाचा वर्ग, सोलापूर : अभिप्राय

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत, यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी गेल्या महिन्यात हा वर्ग केला. विमानदुरुस्तीत हयात घालवलेले एक निवृत्त तंत्रज्ञ तो घेतात. आम्ही सारे त्यांना काकाच म्हणत होतो. यापूर्वी एका ठिकाणी 'जरा तो पंखा (म्हणजे विमानाचा प्रोपेलर) आडवा कर' असे मला सहज सांगण्यात आले होते आणि इंजिनाची किल्ली कुठे आहे हे न पाहता मी तो फिरवलाही होता. ती केवढी मोठी चूक होती, हे मला इथे उमगले.

सकाळचा पहिला तास केवळ मॅग्नेटोचा, म्हणजे स्वतःच वीज तयार करून इंजिनाच्या प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा होता आणि माझे सारे शुल्क त्या एका तासातच वसूल झाले. घरातील दिव्याचे बटण बंद केले की विजेचा मार्ग तुटतो. मॅग्नेटोचे बटण बंद केले की उलट त्याची तार अर्थिंगला जोडली जाते. ही तार कुठे तुटली किंवा सैल झाली, तर बटण बंद असूनही मॅग्नेटो जिवंतच राहतो आणि त्याला बॅटरीही लागत नाही, म्हणून पंखा नुसता हाताने फिरवला तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकते. काकांनी टेबलावर आवळून बसवलेला जुना मॅग्नेटो हाताने सावकाश फिरवला, तेव्हा इम्पल्स कपलिंगची (सावकाश फिरतानाही मॅग्नेटोला झटका देणाऱ्या जोडाची) स्प्रिंग 'टक्' करून सुटली आणि प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली. तार अर्थिंगला लावताच ठिणगी बंद झाली. तार काढली, की पुन्हा 'टक्' आणि पुन्हा ठिणगी. "अहो, बटण बंद आहे म्हणून पंखा मेला, असं कधीच धरून चालू नका," असे ते दिवसभर बजावत राहिले.

दुपारी स्टँडवर बसवलेल्या, प्लग काढलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनावर प्रत्येकाकडून सराव करून घेतला. तळहात पात्यावर सपाट ठेवायचा, बोटे मागच्या कडेभोवती वळवायची नाहीत आणि पाते खाली ओढताना शरीर आपोआप पंख्यापासून दूर जाईल असे उभे राहायचे, हे अंगवळणी पडेपर्यंत त्यांनी सोडले नाही. इंजिन सुरू करायचे असेल, तर चाकांना ठोकळे, शेपटीला दोर आणि कॉकपिटमध्ये जाणकार व्यक्ती हवीच, शिवाय प्रत्येक सूचना दोघांनीही मोठ्याने म्हणायची. रेडियल इंजिनात (ज्यात सिलिंडर वर्तुळाकार मांडलेले असतात) खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचून पंखा अडला, तर जोर लावू नये किंवा तो उलटाही फिरवू नये, खालचे प्लग काढून तेल वाहू द्यावे, हेही त्यांनी नीट समजावले.

तक्रार एकच आहे. हलक्या विमानांत सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ या इंजिनाला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. तेलाची पातळी पाहण्याआधी त्याचा पंखा तेलाच्या टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत फिरवावा लागतो आणि तोही फक्त सुलट दिशेनेच. एवढे महत्त्वाचे काम प्रत्यक्ष करून दाखवायला हवे होते.

वर्गाला जाताना पूर्ण बंद बूट आणि अंगाबरोबरचे कपडे घालावेत. आमच्यातला एक जण चपला घालून आला होता. घरी जाऊन बूट घालून येईपर्यंत काकांनी त्याला पात्याला हात लावू दिला नाही.