ईआरपीचा डेमो बघून चेक फाडू नका

भोसरी, चाकणच्या छोट्या प्रेस शॉपना, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या कारखान्यांना, ईआरपीच्या (सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नावाखाली गंडवतात ते बहुतेक एकाच पद्धतीने. ‘स्टॉक कमी होईल, अडकलेला पैसा सुटेल,’ असं विक्रेता सांगतो. ते खोटं नाही. खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि बिलिंग एकाच नोंदीवर चाललं की पत्रा गरजेपुरताच मागवला जातो. पण डेमोत दाखवतात ट्रेडिंगचा माल: दहा नग आले, दहा गेले.

प्रेस शॉपमध्ये पत्रा येतो किलोत, पार्ट जातो नगात. 1.2 मिमी जाडीच्या 100 बाय 150 मिमी स्टील ब्लँकचं, म्हणजे पार्टसाठी कापलेल्या तुकड्याचं, वजन 141 ग्रॅम. समजा, तयार पार्ट 118 ग्रॅमचा. बीओएममध्ये, म्हणजे एका पार्टला किती माल लागतो त्या यादीत, 118 भरलं की हजार पार्टमागे 23 किलो पत्रा स्क्रीनवर शिल्लक दिसतो आणि असतो मात्र भंगाराच्या ड्रममध्ये. थोड्याच दिवसांत स्टोअरकीपर पुन्हा वही काढतो. विक्रेता म्हणतो, ‘तुमचा डेटाच चुकीचा,’ आणि कस्टमायझेशनचं वेगळं कोटेशन ठेवतो. तोवर बहुतेक पैसे देऊन झालेले असतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे ओपन सोर्सला, म्हणजे कोणालाही खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरला, नवा लोगो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल या खुल्या लायसन्सखाली फुकट मिळतं. ते बसवून देण्याचे, शिकवण्याचे पैसे घेणं रास्तच. पण ‘आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर’ म्हणून दर युजरमागे लायसन्स फी उकळणं ही शुद्ध लबाडी. त्यात सर्व्हर विक्रेत्याच्या नावावर, अ‍ॅडमिन पासवर्डही त्याच्याकडे. एएमसी (वार्षिक देखभालीची फी) वाढवून मागितली आणि नाही म्हटलं, की लॉगिन बंद. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेब 8 वर्षं जपायची आणि 1 एप्रिल 2023 पासून बंद न करता येणारा एडिट लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) ठेवायची जबाबदारी कंपनीची आहे, विक्रेत्याची नव्हे.

म्हणून डेमो आपल्याच एका पार्टवर मागा: जीआरएन (माल आल्याची नोंद), ब्लँकिंग, प्लेटिंगचं जॉबवर्क चलन (बाहेर मुलाम्याला पाठवलेल्या मालाचं), भंगार, डिस्पॅच. प्लेटरकडे 500 नग गेले, 490 आले, तर उरलेले 10 कुठे दिसतात ते विचारा. जॉबवर्कचा माल वर्षात परत आला नाही तर जीएसटी तुमच्या अंगावर येतो. पैसे हप्त्यांनी द्या: ऑर्डरसोबत 20 टक्के, प्रत्यक्ष मोजलेला ओपनिंग स्टॉक जुळल्यावर 30, पहिलं महिनाअखेर क्लोजिंग झाल्यावर 40, उरलेले 10 तीन महिन्यांनी. आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून घ्या, विक्रेत्याचा माणूस समोर नसताना.