आयडीएच तपासणी: इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री की सिक्वेन्सिंग?

मडगाव-म्हापशात ग्लायोमाचा (मेंदूतील गाठीचा एक प्रकार) रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनी आयडीएच तपासणीची (आयडीएच-१ आणि आयडीएच-२ या जनुकांतले बदल शोधण्याची) सुरुवात इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीनेच (प्रतिपिंडाने बदललेले प्रथिन रंगवणाऱ्या चाचणीनेच) करावी, कारण ती स्वस्त आहे, पॅराफिन ब्लॉकच्या (मेणात जतन केलेल्या गाठीच्या नमुन्याच्या) एका पातळ कापावर होते, आयडीएच-१ मधला आर-१३२-एच हा बदल असलेल्या गाठीच्या पेशींचा पेशीद्रव तपकिरी रंगवते आणि ग्लायोमातील आयडीएच बदलांपैकी सुमारे ९० टक्के बदल याच प्रकारचे असतात. सिक्वेन्सिंगसाठी (जनुकाचा क्रम थेट वाचणाऱ्या चाचणीसाठी) ब्लॉक गोव्याबाहेर पाठवावा लागला, तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात (पावसाळ्यात कुरिअरचे तर विचारूच नये). मात्र आयडीएच-२ आणि आयडीएच-१ मधले विरळ बदल सिक्वेन्सिंगलाच सापडतात. म्हणून ५५ वर्षांखालील रुग्णात पहिली चाचणी नकारात्मक आल्यास सिक्वेन्सिंग टाळू नये. त्याहून वयस्कर रुग्णाच्या नमुनेदार ग्लायोब्लास्टोमात (ग्लायोमाच्या सर्वांत आक्रमक प्रकारात), पूर्वी कमी श्रेणीचा ग्लायोमा नसल्यास, सिक्वेन्सिंग सहसा अनावश्यक ठरते.