खाणीचे पाणी शुद्ध करणाऱ्या ‘जिवाणूं’च्या नावाखाली झालेली फसवणूक

बंद पडलेल्या खाणीतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी जिवाणूंच्या साहाय्याने धातुमुक्त करून देतो, असे सांगणाऱ्या एका पुरवठादाराने आमच्या गटाची फसवणूक केली. अशा पाण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना ही क्लृप्ती वेळीच ओळखता यावी म्हणून ती सविस्तर मांडत आहे.

मुळात हे तंत्र खरे आहे आणि त्याचाच फायदा घेतला जातो. खडकातील पायराइटला (लोह व गंधकाच्या खनिजाला) हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते आणि त्यात लोह, तांबे, जस्त, कॅडमियम असे धातू विरघळतात. सल्फेटचे (गंधकाम्लातून पाण्यात उतरणाऱ्या घटकाचे) क्षपण करणारे, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेणारे जिवाणू ऑक्सिजनविरहित जागी सेंद्रिय द्रव्यावर वाढतात व सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. त्याच्याशी संयोग होऊन तांबे, जस्त आणि कॅडमियम सल्फाइडच्या गाळाच्या रूपात खाली बसतात आणि पाण्याची आम्लताही उतरते. नेदरलँड्समधील बुडेल येथील जस्ताच्या कारखान्यात १९९२ पासून दूषित भूजलासाठी हीच प्रक्रिया वापरली गेली. पुरवठादाराने या उदाहरणाचेच भांडवल केले.

त्याने दिलेली पांढरट पूड तळ्यात टाकायची आणि यंत्राने अखंड हवा सोडायची, अशी सूचना होती. ज्या जिवाणूंचे काम ऑक्सिजनमुळे थांबते, त्यांच्यासाठी हवा सोडायला सांगणे हीच मोठी विसंगती होती. प्रात्यक्षिकात काचेच्या भांड्यातील तांबूस पाण्यात पूड पडताच ते काही मिनिटांत निवळले आणि तळाशी गेरूच्या रंगाचा साका बसला. जिवाणूंना जम बसवायलाच काही आठवडे लागतात. मिनिटांत जे घडते ते चुन्यामुळे, म्हणजे ती पूड चुन्याचीच होती, आणि लोह-तांबे असलेल्या पाण्यातला सल्फाइडचा गाळ तर काळा असतो.

सर्वांत संतापजनक प्रकार पुरवठादाराने दिलेल्या पाणी-तपासणीच्या अहवालात होता. ‘आधी’चा नमुना न गाळता तपासलेला, तर ‘नंतर’चा ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेला. त्यामुळे पाण्यात तरंगणारे धातूचे बारीक कण दुसऱ्या आकड्यात आलेच नाहीत. जस्त आणि कॅडमियमचे रकानेही वगळलेले होते, कारण सामू (pH, आम्लतेचे माप) ७ च्या आसपास लोह बसले तरी हे दोन धातू बऱ्याच अंशी विरघळलेलेच राहतात. दोन्ही नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने तपासून घेतले, तेव्हा जस्त जवळजवळ तेवढेच होते आणि सल्फेटही घटलेले नव्हते. जिवाणूंनी काम केले असते तर सल्फेट उतरलेच असते.

म्हणून पुरवठादाराला प्रथम सल्फेटचे आकडे मागा. जिवाणूंना अन्न म्हणून कोणते सेंद्रिय द्रव्य देणार, पाणी टाकीत किती काळ थांबणार, विषारी हायड्रोजन सल्फाइड कसा हाताळणार आणि धातूंनी भरलेला गाळ कुठे जाणार, हे लेखी घ्या. करारात प्रत्येक धातूची एकूण मात्रा, नमुना घेण्याची पद्धत आणि तटस्थ प्रयोगशाळा नमूद करा. आमच्या करारात केवळ ‘पाण्याचा सामू ७ पर्यंत आणणे’ एवढेच लिहिलेले होते. चुन्याने ती अट पूर्ण झाली आणि त्याच वाक्यावर बोट ठेवून पुरवठादाराने आगाऊ दिलेली रक्कम परत करण्यास नकार दिला.