स्टील-कट, रोल्ड की इन्स्टंट: ओट्सचं कुठलं पाकीट घ्यावं?

तिन्ही पाकिटांमागचा तक्ता जवळपास सारखाच: 100 ग्रॅममागे साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं, 10 ग्रॅम तंतू, 12-13 ग्रॅम प्रथिनं. तरी पोटात गेल्यावर तिघांची तऱ्हा वेगळी. दाणा जितका मोडलेला, तितकं त्यातलं पिष्ट भराभर पचतं, आणि हे तक्त्यात कुठेच छापलेलं नसतं.

रोजच्यासाठी आमची पसंती रोल्डला. दाणा वाफवून रुळांखाली चपटा केलेला असतो. 40 ग्रॅम ओट्सला पाऊण ते एक कप पाणी, मंद आचेवर 5 ते 7 मिनिटं, बस. सतत ढवळत राहिलं की पिष्ट सुटतं आणि खळ तयार होते; दोन-तीनदा ढवळलं तरी पुरे. दूध सुरुवातीलाच ओतलं तर तळाला लागतं, म्हणून ते शेवटी. कोलेस्टेरॉल कमी करणारा बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू ओट्समध्ये असतो. त्याचा उपयोग दिसायला दिवसाला 3 ग्रॅम लागतो, म्हणजे साधारण 75 ग्रॅम कोरडे ओट्स. दोन चमचे भुरभुरवून काही होत नाही.

स्टील-कट म्हणजे अख्ख्या दाण्याचे दोन-तीन तुकडे. चावायला दाणेदार, पचायला सर्वांत सावकाश. पण 1 कपाला 3 ते 4 कप पाणी आणि 25-30 मिनिटं द्यावी लागतात. घाईने आच वाढवली की फेस उतू जातो, तळ करपतो आणि दाणा आतून कच्चाच राहतो. पातेलं मोठं घ्या. रात्री उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं, तर सकाळी 10 मिनिटांत काम होतं.

इन्स्टंटचा चुरा मिनिटभरात शिजतो, म्हणूनच त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती भराभर वाढते याचं माप) 75च्या पुढे जातो. रोल्डचा पंचावन्नच्या आसपास असतो. साधं इन्स्टंट अडीनडीला चालेल. चवीचं पाकीट मात्र घेऊ नका. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिल्या तिनांत साखर दिसली की पाकीट परत फळीवर. 10 ग्रॅम कर्बोदकांमागे किमान 1 ग्रॅम तंतू, हा ठोकताळा ब्रेडसाठी उत्तम. पण साधं इन्स्टंटही त्यात सहज पास होतं, म्हणून ओट्सची निवड दाण्याकडे बघूनच करावी.

ब्रेडचं थोडक्यात: ‘मल्टिग्रेन’चा अर्थ एवढाच की धान्यं एकाहून जास्त आहेत. ती अख्खी आहेत असं कोणी म्हटलेलं नाही! यादीत पहिला मैदा असेल तर बाकीची धान्यं नावापुरती. तपकिरी रंग कॅरॅमलचाही असू शकतो.

ओट्समध्ये इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त, 100 ग्रॅममागे 7 ग्रॅमच्या आसपास. म्हणून कारखान्यातच त्यांना वाफ देऊन खवटपणा आणणारं विकर निकामी करतात. तरी पाकीट उघडं राहिलं की कडसर चव येतेच. हवाबंद डब्यात ठेवा आणि घेताना तारीख बघा. सीलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्यांनी ‘ग्लुटेनमुक्त’ छापलेलंच पाकीट घ्यावं, कारण गिरणीत गव्हाची भेसळ नकळत होते.

उरलेले शिजवलेले ओट्स फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. गार झाल्यावर घट्ट गोळा होतो. गरम करताना दोन-तीन चमचे पाणी घालून मोडून घ्या.